बावीसऐवजी अठरा

१

बाटलीत बावीस गोळ्या असायला हव्या होत्या. निघाल्या अठरा.

धाकटीने हातमोजे न काढता पुन्हा मोजल्या. कोऱ्या कागदावर दोन-दोनच्या जोड्या मांडल्या. नऊ जोड्या झाल्या, दहावी काही होईना. टेबलावरच्या फोनवर कर्करोग रुग्णालयातल्या सिस्टर थांबल्या होत्या. औषध सुरू केल्यावर नवव्या दिवशी त्यांचा फोन यायचाच. ताप आहे का, जेवण जातं का, हातापायांची आग होते का, असं सगळं विचारून झाल्यावर त्या जाता जाता म्हणाल्या होत्या, "किती उरल्या तेवढं सांगा." धाकटी मोजायच्या आधीच "बावीस" म्हणून मोकळी झाली होती.

"अठरा आहेत," ती आता म्हणाली.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "छप्पन्नची बाटली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. आज सकाळपर्यंत चौतीस जायला हव्या होत्या. तुमच्या अडतीस गेल्या. वरच्या चार कुठे गेल्या?"

"माहीत नाही."

"जुलाब कालपासून म्हणालात ना?"

"हो. तीनदा. आणि आज तोंडात एक फोड दिसला."

"हे बघा, एवढा त्रास नेहमीच्या डोसनेही होतो. पण जास्तीच्या गोळ्या पोटात गेल्या असतील, तर मला त्यांना आजच्या आज इथे दाखल करून घ्यावं लागेल. मी सातपर्यंत जागेवर आहे. चार गोळ्या कुठे गेल्या ते शोधा. तोवर संध्याकाळचा डोस द्यायचा नाही."

फोन बंद झाला आणि चार वाजले. त्या घरात चार वाजायला चार मिनिटं लागत. धाकटीचे वडील, नाना, घड्याळं दुरुस्त करत. भिंतीवर दुरुस्तीला आलेली सात घड्याळं होती, आणि प्रत्येकाचं चारबद्दल स्वतःचं मत होतं.

शेवटचा टोला विरला तशी मधल्या खोलीतून आईची हाक आली.

"कुणाचं काय हरवलं गं?"

२

आईला हा प्रश्न विचारायची सवय होती. बस डेपोतल्या हरवले-सापडले खिडकीत तिने एकतीस वर्षं काढली होती. छत्र्या, डबे, एकेकटे बूट, एकदा दातांची कवळी, एकदा चालू स्थितीतलं शिवणयंत्र. कवळीचा मालक तिने कवळीवरून नव्हे, ती मागायला आलेल्या माणसाच्या गप्प बसण्यावरून ओळखला होता, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

आत्ता ती कोचावर आडवी होती. सुती मोजे घातलेले पाय दोन उशांवर, तळहात वर करून मांडीवर ठेवलेले. औषधाने तळहात लालबुंद झाले होते. बोटांची टोकं सोलून गुळगुळीत झाली होती, इतकी की परवापासून तिचा फोन तिच्या अंगठ्याने उघडत नव्हता. "एकतीस वर्षं मी लोकांना ओळख पटवायला लावली," ती म्हणाली होती, "आता फोन मला लावतोय."

धाकटीने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. खरं तर तिला आईला सांगायचंच नव्हतं. कारण तिचा पहिला संशय आईवरच होता. औषध सुरू झालं त्या आठवड्यात आई म्हणाली होती, "चौदा दिवस कशाला, एकदम खाऊन टाकाव्यात आणि मोकळं व्हावं." तेव्हा सगळे हसले होते. आता धाकटीला ते वाक्य आठवलं होतं.

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"विचार ना."

"काय?"

"जे विचारत नाहीयेस ते."

धाकटीने खाली बघत विचारलं, "तू जास्त घेतल्यास का?"

"नाही. घाई मला बरं व्हायची आहे, डॉक्टरांना शहाणपण शिकवायची नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. खिडकीवर येणारा प्रत्येक जण शपथेवरच बोलायचा. वही आण. पहिलं नाव माझं घाल. दुसरं तुझं."

"माझं?"

"गोळ्या देतं कोण? आणि नानांचं ते डोळ्याला लावायचं भिंग आण. सात वाजायला अजून तीन तास आहेत. तेवढ्यात मी एकदा आख्खी सायकल शोधून दिली होती."

नाना बाहेरच्या खोलीत कामाच्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून बसले होते. टेबलामागे भिंतभर छोटे छोटे लाकडी खण होते, चौसष्ट, प्रत्येकावर आकडा. त्यांत स्प्रिंगा, काटे, मुंगीएवढे स्क्रू. नवं पाकीट आलं की नाना त्यातले काही सुटे भाग आधी खणात टाकत आणि मगच कामाला लागत. "हातचं असावं," एवढंच स्पष्टीकरण. टेबलावर उपड्या घातलेल्या काचेच्या पेल्याखाली एक चाक, पांढऱ्या कापसाच्या गुंडाळीवर पहुडलं होतं. शेजारी 'खाऊ नये' असं छापलेली ओलावा शोषणारी पुडी.

"नाना, आईच्या बाटलीतल्या गोळ्या तुम्ही घेतल्यात का?"

"बाटलीतल्या? नाही बुवा." त्यांनी मान वर केली नाही. "का, काय झालं?"

"चार कमी आहेत."

नानांनी हातातला चिमटा दातात धरला. मग तो काढून म्हणाले, "नीट मोजल्यास का?"

"दोनदा."

"मग आईला विचार. तिला सापडेल," असं म्हणून त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून तिच्या हातात दिलं.

३

औषधाचं कपाट जेवणघरात होतं. काचेचं दार, आत वरच्या फळीवर बाटली, खालच्या फळीवर हातमोज्यांची पेटी आणि आईच्या हातापायांना लावायचं मलम. आईने चालत यायचा हट्ट धरला. धाकटीच्या खांद्यावर भार टाकून ती कपाटापर्यंत आली आणि काचेवर भिंग टेकवून बराच वेळ बघत राहिली.

"इथे बघ. काय दिसतं?"

काचेवर मुठीच्या वर एक तुपकट ठसा होता. मलमाचा. त्यात गोल गोल रेषा, अगदी स्वच्छ.

"बोटाचा ठसा," धाकटी म्हणाली.

"कुणाचा?"

"ते कसं सांगणार?"

"कुणाचा नाही ते तर सांगशील." आईने स्वतःचा अंगठा शेजारी काचेवर टेकवला आणि उचलला. मागे फक्त एक ढग उमटला. रेषा एकही नाही. "मलमाचे हात म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतील. पण माझ्याकडे रेषाच उरलेल्या नाहीत. म्हणजे मलम हाताला असलेलं दुसरं कुणीतरी या दारापाशी होतं."

आईच्या पायांना मलम कधी धाकटी स्वतः लावत असे, पण हातमोजे घालून. उघड्या हाताने लावणारी एकच होती. वहिनी. आणि वहिनीला पाचवा महिना होता. या गोळ्यांना तिने बोटही लावायचं नाही, चुरा तर नाहीच, हे सिस्टरनी पहिल्याच दिवशी तीनदा बजावलं होतं.

"सूनबाई," आईने हाक मारली, "जरा इकडे ये."

वहिनी पदराला हात पुसत आली. काचेकडे बघताच तिचा चेहरा उतरला.

"माझाच आहे," ती म्हणाली. "परवा तुमच्या पायांना मलम लावलं. डबी परत ठेवायला दार उघडलं. आई, मी फळीवर नुसती डबी ठेवली हो. बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. मी तर तुमचं ताटही गोळ्या घेऊन झाल्यावर वेगळं धुते."

"हे कुणालाच का नाही सांगितलंस?" धाकटीने विचारलं.

"तुम्ही मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं असतं म्हणून. दहा दिवस झाले, मला या घरात भांडी धुणं आणि पाणी आणून देणं यापलीकडे काही करू देत नाही कुणी. मलम तेवढं माझं काम होतं."

आईने बाटली धाकटीला उतरवायला लावली आणि टोपणावर भिंग धरायला सांगितलं. "मलम आहे?"

"नाही. कोरडं ठक्क आहे."

"मलमाच्या हाताने दाबून फिरवायचं टोपण उघडलं असतं तर ते माखलं असतं. शिवाय निसटलं असतं. सूनबाई सुटली. जा गं, आणि मलम उद्यापासून तूच लाव. माझी कातडी म्हणजे औषध नाही, तरी तिला हात लावलेला चालतो ना, ते मात्र सिस्टरना विचारून घेऊ."

वहिनी वळली आणि थांबली.

"आई, पण एक सांगू? गुरुवारी सकाळी बाटली मी हलताना बघितली. ह्यांच्या हातात."

४

दादा सहाला पाच मिनिटं असताना घरी आला तो दारातच अडकला. चपला काढायच्या आत आईने विचारलं, "गुरुवारी सकाळी काय केलंस?"

"कामावर गेलो."

"त्याच्या आधी."

दादाने बहिणीकडे बघितलं. "ही झोपली होती. रात्रभर तुझ्याजवळ बसलेली. नाश्ता होऊन वीस मिनिटं झाली होती, अर्ध्या तासाच्या आत गोळ्या घ्यायच्या असतात, म्हणून मी दिल्या. हातमोजे घातले होते. पाणी मोठ्या पेल्यातून दिलं. तक्त्यावर खूण केली. निळ्या पेनने."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू झोपेतून उठशील म्हणून."

धाकटीने तक्ता काढला. गुरुवार सकाळ. निळी खूण. तिच्या खुणा लाल असत. त्या चौकटीत लाल खूण नव्हती. पण ती नऊ वाजता उठली होती आणि सवयीने कपाटाकडे गेली होती, इतकं तिला आठवत होतं. नंतरचं काहीच नाही. गोळ्या दिल्या आणि खूण करायची राहिली, असं झालं असेल तर? दादाच्या दोन आणि तिच्या दोन. मग आणखी एखाद्या सकाळीही असंच.

"आई, मीच दिल्या असतील," ती म्हणाली. तिने हातातला तक्ता खाली ठेवला. "मला आठवत नाही. मीच तुला दोनदा दिल्या असतील."

सात घड्याळांपैकी दोघांनी सहा वाजवले.

दादाने खिशातून फोन काढला. "हे मी तुझ्या वाढदिवसाला दाखवणार होतो." फोटोत धाकटी खुर्चीत मान टाकून झोपली होती. तोंड उघडं. दोन्ही हातांत हातमोजे, मांडीवर तक्ता, पेनाला टोपण. "निघताना काढला. नऊ वाजून दहा मिनिटं. तू आलीस, आई म्हणाली 'दादाने दिल्या', तू 'बरं' म्हणालीस आणि तिथेच घरंगळलीस."

"दुपारी बारापर्यंत," आई म्हणाली. "हातमोज्यांसकट. मीच पांघरूण घातलं. कोपरांनी."

"तोंड तरी मिटायचंस माझं," धाकटी म्हणाली, आणि दुपारपासून पहिल्यांदा हसली.

"आणि हिशेब बघ," आई म्हणाली. "एका गुरुवाराने फार तर दोन जातील. आपल्याला चार हव्यात. खूण एक, डोस एक. तूही सुटलीस."

"मग राहिलं कोण?"

आई कोचावर टेकली. थकली होती, पण डोळे खिडकीतल्यासारखे झाले होते, काउंटरवर कुणी वस्तू ठेवली की व्हायचे तसे.

"कुणीच नाही. सगळे खरं बोलतायत. आणि सगळे खरं बोलत असले की एकच गोष्ट खोटी उरते. रजिस्टर."

५

"तक्त्याच्या वर तू 'छप्पन्न' लिहिलंस," आई म्हणाली. "मोजून लिहिलंस की वाचून?"

धाकटीने तक्त्याकडे बघितलं.

"वाचून. लेबलवर छापलंय."

"माझ्या खिडकीवर एक नियम होता. कंडक्टर पाकीट आणून म्हणायचा, 'आत अमुक आहे.' त्याच्या देखत उघडून मोजल्याशिवाय मी ओळ लिहिली नाही. नवीन मुली वाचून लिहायच्या, आणि मग आठवडाभर चोर शोधत बसायच्या. अगं, गेल्या नऊ दिवसांत काही गेलंच नसेल तर?"

"म्हणजे गोळ्या आधीपासूनच..."

"आठव. पहिल्यांदा टोपण उघडलंस, तेव्हा आतला चंदेरी पडदा कसा होता?"

"कापलेला. मला वाटलं दुकानातच कापला असेल."

"फाडलेला की कापलेला?"

"कापलेला. कडेकडेने. अगदी गोल." धाकटी सावकाश बोलू लागली. "एक तुकडासुद्धा लोंबत नव्हता."

"कापूस होता आत?"

"नव्हता."

"आणि ओलावा शोषणारी पुडी?"

धाकटी मान वळवून बाहेरच्या खोलीकडे बघत होती. उपड्या पेल्याखालची पांढरी कापसाची गुंडाळी. शेजारी 'खाऊ नये'.

"बाटली दुकानातून आणली कोणी," आई म्हणाली, "आणि ती पहिली रात्र कुणाच्या टेबलावर होती? सिस्टर आपल्याला आत सगळं समजावत होत्या, तेव्हा बाहेर औषधाच्या रांगेत कोण उभं होतं?" मग आवाज चढवून ती म्हणाली, "अहो."

"काय गं?"

"किती काढून ठेवल्यात?"

बाहेर खुर्ची करकरली.

"चार," नाना म्हणाले.

६

खण नंबर एक्केचाळीस. त्यात घड्याळाच्या काचेची एक गोल डबी, डबीत कापूस, कापसावर चार लांबट गोळ्या, एकमेकींना न चिकटता. झाकणावर नानांच्या बारीक अक्षरात तारीख आणि खाली 'हिच्या'.

"हात लावला नाही मी," नाना म्हणाले. "चिमट्याने काढल्या."

"त्या चिमट्याने?" धाकटीने विचारलं. "जो तुम्ही दातात धरता?"

नानांनी चिमट्याकडे बघितलं आणि तो हळूच टेबलावर ठेवला.

"मी विचारलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"तू विचारलंस बाटलीतल्या घेतल्या का. बाटलीतल्या कुठे घेतल्या? हातचं बाजूला काढल्यावर जे उरतं ते मोजायचं. चाळीस वर्षं मी तसंच करतो. मला वाटलं तुम्ही बावन्नच धरल्या असतील."

"मग चार कमी ऐकल्यावर तरी?"

"ऐकल्यावर कळलं," नाना कबूल झाले. "पण भिंग दिलं आणि ही ते घेऊन उभी राहिली. दीड महिन्यात मी तिला चालत कपाटापर्यंत जाताना बघितलं नव्हतं. म्हटलं, सातच्या आत सांगू."

"काखेत कळसा," आई म्हणाली, "आणि कळसा गप्प."

वहिनी दारात उभी राहून हसू दाबत होती. दादाला ते दाबता आलं नाही.

आई मात्र डबीकडे बघत होती. "कशाला काढून ठेवल्यात?"

"एखादी रस्त्यात पडली, बेसिनमध्ये गेली, तर? चौदावा दिवस आला आणि एक कमी पडली तर?"

"तर फोन करायचा. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नाही, आणि चार काढून खणात ठेवायच्या नाहीत. फोन करायचा."

"फोन करून जुन्या घड्याळाची स्प्रिंग मिळत नाही."

"मी घड्याळ नाही."

"ते माहीत आहे," नाना म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "म्हणूनच."

मग उरलेल्या पाच घड्याळांनी आपापले सहा वाजवून घेतले.

सिस्टरनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक मिनिट हं," आणि फोन बाजूला ठेवला. तिकडे कुणीतरी मोठ्याने हसल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा आवाज अगदी गंभीर होता. पोटात जास्त काही गेलेलं नाही, ही सगळ्यात चांगली बातमी. डॉक्टरांना विचारलं आहे, संध्याकाळचा डोस जेवणानंतर द्या. जुलाब चारच्या वर गेले किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका. तोंडासाठी मऊ ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. खणातल्या चार गोळ्या मात्र परत बाटलीत टाकू नका. मूळ बाटलीबाहेर राहिलेल्या आहेत, हातमोजे घालून डबीसकट पिशवीत बांधा आणि उद्या आणून द्या. त्यांच्या बदल्यात आम्ही चार देऊ. कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकायच्या नाहीत.

"आणि चिमटा?" धाकटीने विचारलं.

"कुठला चिमटा?"

"काही नाही. धुतो आम्ही."

"हातमोजे घालून धुवा. आणि सूनबाईंनी मलम लावलं तर चालेल, पण त्यांनीही हातमोजे घालूनच. मग हात धुवायचे."

सातला जेवण झालं. सव्वासातला आईने दोन गोळ्या अख्ख्याच, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतल्या. धाकटीने लाल खूण केली, तक्त्याच्या वरचे छप्पन्न खोडले आणि बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या सगळ्यांदेखत मोजल्या. सोळा.

"आता पावती," आई म्हणाली.

"कसली?"

"वस्तू मालकाला मिळाली की पावती होते. नाहीतर फाइल उघडी राहते."

नानांनी पावतीपुस्तकातला एक कागद आणि शिक्क्याचं शाईचं पॅड आणलं. आईने सांगितलं तसं धाकटीने लिहिलं: चार गोळ्या, खण एक्केचाळीसमध्ये सापडल्या, मालकास परत. आईने अंगठा शाईत टेकवून कागदावर उमटवला. निळा लंबगोल ठिपका. आत काहीच नाही.

नानांनी भिंग लावून बघितला. "यात एकही रेघ नाही. कुणाचा म्हणून ओळखायचा?"

"म्हणून तर माझा," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा असा असेल का?"

चौदा दिवस संपून औषध थांबल्यावर रेषा हळूहळू परत येऊ लागल्या. दर रविवारी नाना पॅड पुढे करत आणि आई कुरकुर करत अंगठा देई. तिसऱ्या रविवारी फोनने तिला ओळखलं. "आला एकदाचा वठणीवर," ती म्हणाली.

ती पहिली पावती एक्केचाळीस नंबरच्या खणात गेली. पुढे रविवारच्या अंगठ्याच्या चिठ्ठ्या वाढत गेल्या, मग आई गेली आणि त्या वाढायच्या थांबल्या. खण आता धाकटीच्या टेबलावर आहे. घर बदलताना दादाने विचारलं होतं, यातलं काय टाकायचं. नाना म्हणाले, काही नाही. तेवढं हातचं राहू दे.